बासची साधने, मरळीचे पाणी
हौशी मासेमारीच्या सामानाचा सोलापुरी आढावा

ऑनलाइन दुकानात ‘फिशिंग रॉड’ शोधला की समोर येणारे बरेचसे सामान मुळात एका अमेरिकी माशासाठी घडवलेले असते. त्याचे नाव लार्जमाउथ बास. हा मासा उजनीत नाही, हिप्परग्याच्या तलावात नाही, भीमा-सीनेच्या डोहांतही नाही. तरी त्याच्यासाठी बनलेले पोकळ रबरी बेडूक, खडखडणारे प्लॅस्टिकचे मासे, पिस्तुलासारखी पकड असलेले रॉड आता आपल्या काठांवरही दिसू लागले आहेत. शेजारीच बांबूच्या काठीला तंगूस बांधून, कणकेचा गोळा लावून बसलेला माणूस असतो, आणि संध्याकाळी त्याच्या पिशवीत बहुधा जास्त मासे असतात. सोलापूरच्या पाण्यात हौसेने गळ टाकणाऱ्याने कोणते सामान घ्यावे, हा वाद या दोघांच्या मधल्या जागेत चालू आहे. त्यात कोण काय म्हणतो आणि काय अजून ठरलेले नाही, ते इथे मांडतो.

वाद आला कुठून

गळ टाकणे हा विरंगुळा आपल्याकडे साहेबाने आणला, असा एक समज आहे, पण तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला कोणता चारा टाकून एका जागी सवय लावावी, काठी, दोर आणि गळ कसे असावेत, याची त्यात व्यवस्थित चर्चा आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर सविस्तर लिहिले. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरच्या पूर्वेला दोन-अडीच तासांच्या वाटेवर. तेव्हा आधी मासा ओळखा, मग सामान ठरवा, ही शिस्त या भागाला नवी नाही.

इंग्रजी अमदानीत लक्ष महसीरवर गेले. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची नोंद केली, तेव्हा निळ्या परांच्या महसीरचे वर्णन पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केले होते. त्या नदीचे पाणी आज उजनीत येते. तो मासा मात्र इथे गळाला लागेल अशी आशा कोणी धरत नाही. १८७३ मध्ये हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ आले आणि महसीरसाठी विलायती सामानाचा शौक रुळला. महाराष्ट्रात ती परंपरा पवई तलावावरच्या महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनसारख्या संस्थांनी चालू ठेवली. सोलापुरात असा क्लबचा वारसा नाही. इथे गळ भोई वस्तीतून आणि शाळा बुडवणाऱ्या पोरांकडून आला.

तिसरी लाट बासची. अमेरिकेत १९६७ मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर बासची मोठी स्पर्धा भरवली. त्यातून स्पर्धा, बक्षिसे आणि जाहिरातींचा एक धंदाच उभा राहिला. दर हंगामाला नवा ल्युअर, म्हणजे नकली आमिष, बाजारात आणणे ही कंपन्यांची गरज झाली. जपानमध्ये हा मासा १९२५ मध्ये आशी सरोवरात सोडला गेला. २००९ मध्ये बिवा सरोवरात धरलेल्या दहा किलोंहून जड बासने अमेरिकेतल्या १९३२ च्या जागतिक विक्रमाशी बरोबरी केली, आणि त्याच जपानने २००५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने या माशाला उपद्रवी परका ठरवले आहे. शिमानो आणि दाइवा या सामान बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जपानी आहेत, हेही इथे लक्षात घ्यावे. आपल्याकडे स्वस्तात येणारे बरेचसे सामान याच साच्यांच्या नकला आहेत.

पाणी आणि मासा

आता आपले पाणी. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त साठा मृत. म्हणून ‘धरण उणे झाले’ ही बातमी सोलापूरकरांना दर दुष्काळात वाचावी लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात ते उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले होते. गळवाल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. जिथे ऑक्टोबरात वीस फूट पाणी असते तिथे मे महिन्यात भेगाळलेली जमीन असते, आणि पाणी भरते तेव्हा त्याच्या पोटात बाभळींचे बुंधे, जुन्या विहिरींचे कठडे आणि गावांच्या भिंती असतात. पुणे-पिंपरीचे सांडपाणी वाहून येते, त्यावर जलपर्णी पोसते, उन्हाळ्यात पाणी हिरवे होते. स्वच्छ पाण्यासाठी केलेल्या शिफारशी इथे जशाच्या तशा चालत नाहीत.

शहराजवळचा हिप्परग्याचा तलाव, म्हणजे एकरुख, १८७१ चा. तो उथळ आणि गवताळ. होटगीचा तलाव, सीना-कोळेगाव, अक्कलकोटकडचे कुरनूर धरण, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

मासे मोजकेच आहेत. कटला, रोहू आणि मृगळ बीज सोडून वाढवलेले. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. चिलापी सर्वत्र, १९५२ मध्ये देशात आणलेली ही आफ्रिकी मासळी आज उजनीच्या जाळ्यांतला मोठा वाटा व्यापते. शिकारी माशांत मरळ, शिंगाळा, शिवडा आणि वाम. यांतली मरळ हीच बासच्या सामानाला जवळची, कारण तीही गवताच्या आडोशाला दबा धरून बसते आणि वरून जाणाऱ्या सावजावर तुटून पडते. सोलापूरच्या तेलुगू भाषक विणकर वस्तीत तिला मान मोठा. तेलंगणाने तिला राज्यमासाच केले आहे, तिथे ती कोरमीनू. बाजारात जिवंत मरळ मिळाली तर घासाघीस फारशी होत नाही.

आमिष की ल्युअर

मुख्य मतभेद इथे आहे, आणि तो पैशापेक्षा स्वभावाचा जास्त आहे.

आमिषवाल्यांचे म्हणणे असे: आपल्या पाण्यातले बहुतेक मासे शिकारी नाहीतच. कटला-रोहूपुढून रबरी बेडूक दिवसभर फिरवला तरी ते ढुंकून बघणार नाहीत. त्यांना पेंड हवी. शेंगदाण्याची पेंड कुटून, मंद भाजून वास सुटला की ती कणकेत मळायची. गोळा इतका घट्ट हवा की फेकताना गळावरून सुटू नये, आणि इतकाच घट्ट की पाण्यात पडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत कडेने विरघळू लागावा. पाण्याचा हात लावून तो मळायचा आणि आधी काठाजवळच बुडवून बघायचा. कोणी त्यात बडीशेप घालतो, कोणी हिंग, कोणी गूळ, आणि प्रत्येकाचे गुपित निराळे. चिलापीला गांडूळ पुरते, वामीलाही. या पद्धतीला पाचशे रुपयांत सामान होते, आणि मासा घरी येतो.

ल्युअरवाले मरळीपासून सुरुवात करतात. जलपर्णीच्या किंवा शेवाळाच्या थरावर आमिष लावलेला साधा गळ टाकला तर तो पहिल्याच ओढीत अडकतो. पोकळ बेडकाचे दोन्ही गळ वर वळलेले आणि अंगाला चिकटून असतात, म्हणून तो पानांवरून सरकत जातो. रॉडचे टोक खाली ठेवून हलके झटके द्यायचे, मधल्या मोकळ्या जागेत आला की क्षणभर थांबवायचा. मरळ फुटली की मोठा आवाज होतो, आणि नवशिका तिथेच चुकतो. तो लगेच खेचतो. बेडूक अजून तिच्या ओठांतच असतो. एक-दोन सेकंद थांबून, तंगूस ताणला की जोराचा झटका द्यायचा, कारण तिचा जबडा हाडाचा आहे आणि रबर दाबले जाऊन गळ बाहेर यायला तेवढा जोर लागतोच. पूर्वी मरळीसाठी जिवंत बेडूक गळाला लावत. त्यात क्रौर्य आहेच, शिवाय मोठ्या बेडकांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. रबरी बेडूक हा प्रश्नच काढून टाकतो. ल्युअरवाल्यांचा हा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो.

बेडूक सोडून बाकीच्या ल्युअरबद्दल मात्र त्यांच्यातही एकमत नाही. फिरते पाते असलेला स्पिनर, बुडणारा क्रँकबेट, मऊ प्लॅस्टिकचे किडे, हे सगळे मोकळ्या पाण्यात शिंगाळा-शिवड्याला चालतात असे सांगणारे आहेत. गढूळ पाण्यात रंगापेक्षा थरथर आणि आवाज महत्त्वाचा, असे त्यांचे म्हणणे. तळात बाभळी असताना तीन तोंडांचा गळ लटकवलेला क्रँकबेट म्हणजे दर फेकीला शे-दोनशे रुपयांचा जुगार, असे विरोधक म्हणतात, आणि उजनीचा तळ माहीत असलेल्याला ते पटते.

रंगांचा वाद तर न संपणारा. इलिनॉय विद्यापीठातल्या २०१८ च्या अभ्यासात असे दिसले की बासला लाल आणि हिरवा नीट ओळखू येतो, पण पिवळट हिरवा आणि पांढरा यांत तो गोंधळतो, गडद निळा आणि काळा यांतही. म्हणजे दुकानातल्या चाळीस रंगांपैकी बरेचसे रंग बासलासुद्धा सारखेच दिसत असावेत. मरळीचे डोळे बासचे नाहीत. हा निष्कर्ष तिच्यावर लादता येत नाही. तूर्तास गढूळ पाण्यात काळा आणि निवळ पाण्यात मळका हिरवा, एवढे दोन बेडूक असले की काम भागते.

रॉड आणि रीळ

बांबूच्या काठीचा एक गुण महागड्या रॉडमध्ये नाही: ती तुटली तर दुःख होत नाही. काठाजवळच्या चिलापीसाठी तीच उत्तम. पण वीस-तीस मीटर लांब फेकायचे म्हटले की रीळ आले आणि त्यासोबत रॉड.

रॉड फायबर ग्लासचा की कार्बनचा, या वादात दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. ग्लास जड, पण दणकट. मोटारसायकलला बांधून खड्ड्यांतून नेला तरी टिकतो. कार्बन हलका, चावा हाताला लगेच कळतो, पण दगडावर आपटला तर चीर जाते आणि पुढच्या मोठ्या माशाला ऐन वेळी मोडतो. विजेच्या तारांखाली कार्बनचा रॉड उभा धरणे धोक्याचे आहे, कारण त्यातून वीज वाहते. आपल्या काठांवर शेतीपंपांच्या तारा कुठून कशा गेल्यात ते सर्वांना माहीत आहे, म्हणून हे ठळक सांगतो.

लांबी सहा ते सात फूट पुरते. ताकदीबाबत मात्र दोन तट आहेत. एक रॉड सगळ्याला, असे म्हणणारे मध्यम ताकदीचा घेतात. मरळीसाठी वेगळा जाड रॉड हवाच, असे दुसरे म्हणतात, कारण मासा गवतात घुसण्याआधी त्याला ओढून काढावे लागते. आठवड्याला जाणाऱ्याने दुसऱ्याचे ऐकावे. महिन्या-दोन महिन्यांनी जाणाऱ्याला पहिला सल्ला पुरेसा आहे.

रिळाचा झगडा स्पिनिंग आणि बेटकास्टिंग यांत आहे. स्पिनिंगमध्ये तंगुसाचे बोबीन स्थिर राहते आणि तंगूस त्याच्या कडेवरून सुटतो. हलके वजन फेकता येते, शिकायला एक सकाळ पुरते. बेटकास्टिंगमध्ये बोबीनच फिरते. अंगठ्याने ते वेळेवर दाबले नाही तर तंगूस सुटण्यापेक्षा बोबीन वेगाने फिरते आणि असा गुंता होतो की बऱ्याचदा कात्रीच लागते. बदल्यात नेम अचूक मिळतो, जोर जास्त मिळतो. बास स्पर्धांच्या व्हिडिओंत सगळे हेच वापरतात म्हणून पोरे तेच आधी घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. २५०० ते ४००० आकाराचे, नावाजलेल्या कंपनीचे साधे स्पिनिंग रीळ घेणाऱ्याला दोन-चार वर्षे दुसरे लागत नाही. डब्यावरची बेअरिंगची संख्या बघून भुलू नये; खराब दहा बेअरिंगपेक्षा चांगली चार बरी.

बघायचा तो ड्रॅग. मासा ओढू लागला की किती जोराला रिळाने तंगूस सोडायचा, हे ठरवणारी ही चकती. तंगुसाच्या तुटण्याच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाईवर ती लावतात. सहा किलोंचा तंगूस असेल तर रद्दीवाल्याकडे असतो तसला स्प्रिंगचा काटा तंगुसाला अडकवून ओढायचा आणि दीड-दोन किलोंवर तंगूस गुळगुळीत सुटतो का ते पाहायचे. धक्के देत सुटत असेल तर रीळ दुकानदाराला परत करावे.

तंगूस आणि गळ

साधा नायलॉनचा तंगूस स्वस्त, ताणला जातो, त्यामुळे झटका सोसतो. उन्हाने मात्र तो कडक होतो, आणि सोलापूरच्या उन्हात लवकर होतो, वर्षाला बदलावा. वेणीसारखा विणलेला ब्रेड त्याच जाडीत कित्येक पट मजबूत, अजिबात ताणला जात नाही, गवत कापत जातो. मरळीला तोच हवा. पण बुडालेल्या भिंतीवर किंवा खडकावर घासला तर तो नायलॉनच्या आधी तुटतो, म्हणून पुढे हातभर जाड नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन जोडतात. ब्रेड हाताला गुंडाळून ओढू नये, बोट कापते.

गळांचे आकडे नवख्याला चकवतात. १ पासून पुढे आकडा वाढतो तसा गळ लहान होतो. १/०, २/० असे लिहिले की मोठा होत जातो. चिलापीला ८ किंवा १०, रोहू-मृगळाला ४ ते १ च्या आसपास, मरळीचा बेडूक गळ लावूनच येतो.

वाद आहे तो झुपक्याचा. पेंडीच्या गोळ्याभोवती पाच-सहा गळ लावायचे, मासा गोळा चोखू लागला की एखादा लागतोच. परिणामकारक आहे यात शंका नाही. पण गळ तोंडाऐवजी डोळ्यात, पोटात, कल्ल्यात लागतो, आणि सुटून गेलेला मासा जखमी जातो. खाण्यासाठी धरणारा म्हणतो, मासा पिशवीत जाणार, मग गळ कुठे लागला याला काय महत्त्व? दुसरा म्हणतो, निसटतात त्यांचे काय? एकच गळ आणि त्याच्या बाहेर लटकणारा गोळा, ही युरोपातल्या कार्पवाल्यांची हेअर रिगची रीत यात मधला मार्ग आहे, आणि ती आपल्या पेंडीलाही चालते.

जे सुटलेले नाही

पकडून सोडणे हा बासच्या जगातला नियमच झाला आहे. १९७२ पासून स्कॉट यांच्या स्पर्धांत मासे जिवंत परत सोडू लागले. कावेरीत निळ्या परांच्या महसीरवर झालेल्या अभ्यासात सोडलेले बहुतेक मासे तगल्याचे दिसले, मात्र झुंज लांबली की ताण वाढत होता. ते नदीचे वाहते पाणी. मे महिन्यातल्या उजनीच्या कोमट, कमी प्राणवायूच्या पाण्याला तो निष्कर्ष लावणे घाईचे होईल. शिवाय इथे बहुतेकांना मासा घरी न्यायचा असतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. चिलापी सोडा असे तर कोणीच म्हणत नाही.

खरा पेच मरळीच्या पिलांचा आहे. पावसाळ्यात मरळीचे जोडपे शेकडो पिलांचा तांबूस थवा राखत फिरते. त्या थव्यावर बेडूक टाकला की आई-बाप हमखास हल्ला करतात. भुकेने नव्हे, राखणीसाठी. व्हिडिओंमध्ये हाच प्रकार कौशल्य म्हणून दाखवतात. जुने भोई मच्छीमार याला नावे ठेवतात. त्यावर ल्युअरवाल्यांचे उत्तर असते की बारीक छिद्रांच्या वडाप जाळ्यांत बोटभर मासळी टनावारी उपसली जाते, तिथे आमच्या दोन मरळींनी काय होणार! जाळ्यांबद्दलचा त्यांचा राग खरा आहे. पण पालक उचलला की चिलापी आणि इतर मासे तो अख्खा थवा संपवतात, हेही खरे आहे. थवा दिसला की गळ टाकू नये, या बाजूला माझे मत आहे.

परक्या माशांबद्दल जपानने कायदा केला. आपल्याकडे थाई मांगूर पाळायला बंदी आहे, तरी तो आणि काचेच्या टाकीतून सुटलेला सकर उजनीत सापडतो. लागला तर परत पाण्यात टाकू नये, एवढ्यावर सगळे सहमत आहेत. ‘खेळासाठी’ बास किंवा तसला शिकारी मासा इथे सोडावा अशी कुजबुज अधूनमधून ऐकू येते. जपानचा अनुभव पाहता तिला उत्तर देण्याचीही गरज नसावी.

तंगुसाचे तुकडे हा सर्वांत कमी बोलला जाणारा प्रश्न. भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित येतात, आणि त्यांच्या पायांना नायलॉन गुंडाळला जाऊ शकतो. ब्रिटनमध्ये हंस मरू लागले म्हणून १९८७ मध्ये शिशाची बहुतेक वजने विकायला बंदी झाली. आपल्याकडे शिसेच चालते आणि अडकलेला तंगूस कापून तिथेच टाकला जातो.

शेवटी हक्काचा प्रश्न. जलाशयांतले मासेमारीचे हक्क ठेक्याने किंवा परवान्याने मच्छीमारांना आणि त्यांच्या सहकारी संस्थांना मिळतात, बऱ्याच ठिकाणी बीजाचे पैसेही तेच भरतात. रविवारी मोटारीतून आलेला हौशी माणूस या व्यवस्थेत नेमका कुठे बसतो, हे काठाकाठावर वेगळे ठरते. कुठे हात हलवून दाखवतात, कुठे हटकतात, कुठे दिवसाचे पैसे मागतात. मत्स्यव्यवसाय विभागाने उजनी आणि जिल्ह्यातल्या मोठ्या तलावांसाठी गळाचा एक साधा परवाना काढावा, मरळीच्या विणीचे महिने वगळावेत आणि परवान्याचे पैसे संस्थेच्या बीजनिधीत जावेत, ही मागणी हौशी मंडळींनीच करायला हवी. मच्छीमारांचा तिला विरोध असण्याचे कारण दिसत नाही.

तोवर नव्याने सुरुवात करणाऱ्याने काठावरच्या संस्थेत जाऊन आधी विचारावे. सात फुटी मध्यम रॉड, एक स्पिनिंग रीळ, दोन बेडूक, एक नायलॉन, एक ब्रेड, १० आणि ४ नंबरचे गळ एवढे घ्यावे. आणि होडीत बसायचे असेल तर या सगळ्याआधी लाइफ जॅकेट घ्यावे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण बुडाले. उन्हाळ्यातला तो वारा दुपारनंतर कधीही उठतो.